उकिरडा आणि पोलाद

राजेरजवाड्यांच्या तरवारी पदार्थसंग्रहालयांत कांचेच्या कपाटांत मांडलेल्या असतात. त्यांच्या मुठीवरील नक्षी, पात्यावरील अक्षरें आणि त्यांनीं जिंकलेल्या लढाया यांविषयीं ग्रंथ लिहिले जातात. परंतु ज्या हत्यारानें शेतांतील मातीला पिढ्यान् पिढ्या अन्न पोंचविलें, त्याची विचारपूस करण्यास इतिहासकार क्वचितच थांबतो. तें हत्यार म्हणजे खताचा कांटा. चार-पांच लोखंडी दांते, त्यांना एकत्र धरणारी मान आणि त्या मानेंत बसविलेला लांकडी दांडा, एवढेंच त्याचें रूप. कोणी माळी त्याला पंजा म्हणतात, कोणी कांटा म्हणतात. दांताळ्याशीं त्याचें नातें जवळचें आहे. पण दांताळ्याचे दांते दांड्याशीं काटकोनांत वळलेले असल्यामुळें तें ओढण्याचें हत्यार ठरतें, तर कांट्याचे दांते दांड्याच्याच दिशेनें पुढें गेलेले असल्यामुळें तो खुपसण्याचें आणि उचलण्याचें हत्यार ठरतो.

असला कांटा विकत घेण्यास गेलेल्या मनुष्यापुढें दुकानदार दोन नग ठेवतो. दोहोंचा रंग सारखा, दांडा सारखा. किंमतींत मात्र बरेंच अंतर. एक ओल्या शेणखताच्या राशींत चार दिवसांत वांकतो. दुसरा बापाकडून मुलाच्या हातीं जातो. हा फरक कोठून आला, याचें उत्तर दुकानदारापाशीं सहसा नसतें. तें इतिहासापाशीं असतें. आणि तो इतिहास पाहूं गेल्यास लोखंडापेक्षां मोठा एक प्रश्न वाटेंत भेटतो: जमिनीकडून घेतलेलें जमिनीला परत कसें द्यावयाचें, आणि तें कोणाच्या हातानें?

प्राचीन रोमी लोकांनीं या प्रश्नाचा पहिला भाग फार मनावर घेतला होता. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत केटो नांवाच्या मुत्सद्द्यानें शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्यांतील संपूर्ण स्वरूपांत उरलेला तो सर्वांत जुना ग्रंथ होय. सैन्यांत आणि राज्यकारभारांत नांव मिळविलेला हा करडा गृहस्थ आपल्या ग्रंथांत उकिरडा मोठा ठेवण्याचा आणि खत जपण्याचा उपदेश करितो. २४० युगेरांच्या, म्हणजे सुमारें दीडशें एकरांच्या, ऑलिव्हच्या मळ्याला कोणकोणतें सामान लागतें याची त्यानें यादीच दिली आहे. त्या यादींत चार दांत्यांचीं दोन दांताळीं आहेत आणि खत वाहण्यासाठीं विणलेल्या ताट्याहि आहेत. बैल किती, गाढवें किती, माणसें किती हें सांगतां सांगतां तो खताच्या सामानापाशीं अडखळत नाहीं. त्याच्या लेखीं तीं सारीं एकाच पंक्तींत बसणारीं.

पुढें इ. स. च्या पहिल्या शतकांत कोल्युमेला या ग्रंथकारानें दोन खड्डे ठेवण्यास सांगितलें: एकांत त्या वर्षाचें ताजें खत टाकावयाचें आणि दुसऱ्यांतील मुरलेलें शेतावर न्यावयाचें. खड्ड्याचा तळ उतरता असावा, आणि ओल झिरपून जाऊं नये म्हणून तो ठोकून पक्का केलेला असावा, अशी त्याची सूचना आहे. खताचा कस रसांत असतो आणि तो रस वाया जाऊं देणें म्हणजे धान्य वाया घालविणें, हें ज्ञान दोन हजार वर्षांचें जुनें आहे. रोमी लोकांनीं तर खताच्या एका स्वतंत्र देवतेलाहि आपल्या देवमंडळांत जागा दिली होती. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंहि दैव उघडतें असें मराठींत म्हणतात; रोममध्यें तें देवत्वापर्यंत पोंचलें.

रोमी साम्राज्य गेलें, पण युरोपांतील गोठ्यांनीं कांट्याची गरज वाढवीतच नेली. याचें कारण तेथील हवेंत आहे. उत्तर युरोपांत हिंवाळ्याचे महिनेच्या महिने जनावरें गोठ्यांत बांधून ठेवावीं लागतात. त्यांच्याखालीं गव्हाचा आणि जवाचा पेंढा अंथरतात. शेण, मूत्र आणि पेंढा यांचा थरावर थर चढत जातो, जनावरांच्या पायांखालीं तो तुडविला जातो, आणि वसंत ऋतूंत जें खत बाहेर काढावयाचें तें म्हणजे एक विणलेली जाड सतरंजीच असते. अशा राशींत फावडें चालत नाहीं. फावड्याची धार प्रत्येक काडीवर अडते; जोर केल्यास तें रास दाबतें, कापीत नाहीं. दांते मात्र काड्यांच्या फटींतून आंत शिरतात आणि उचलतांना त्याच काड्यांची गुंतागुंत दांत्यांवर बोजा धरून ठेवते. पेंढा हीच फावड्याची अडचण आणि तीच कांट्याची सोय. ज्या देशांत खत लांब काडीचें, त्या देशांत कांटा. हा नियम कोणी लिहून ठेवला नसला तरी शेतकऱ्यांच्या हातांनीं तो पाळला आहे.

लोखंड महाग होतें तोंवर पुष्कळ कांटे लांकडाचेच असत. दक्षिण फ्रान्समधील सोव्ह या गांवीं ही कला आजहि पाहावयास मिळते. तेथें मिकोकुलिये नांवाच्या झाडाची वाढ कोंवळेपणापासूनच अशी वळवितात कीं एका फांदीला तीन बोटें फुटावीं. कांहीं वर्षें तीं वाढूं देतात, मग फांदी तोडून, भट्टीच्या ऊबेंत ठेवून तिला बांक देतात आणि साल काढून कांटा तयार करितात. त्यांत खिळा नाहीं, सांधा नाहीं; मान आणि दांते एकाच लांकडाचे. आपल्याकडे कांटेरी फांद्या उचलून कुंपण रचण्यास शेतकरी जें दुबेळकें वापरतो, त्याची जात हीच. वाळलें गवत उचलण्यास असा कांटा उत्तम. पण ओल्या, जड खताखालीं तो टिकत नाहीं. म्हणून खतासाठीं लोहाराकडे जावें लागे.

लोहाराचा कांटा घडीव लोखंडाचा असे, आणि तेथें एक पेंच होता. घडीव लोखंडांत कार्बन जवळजवळ नसतो. तें चिवट असतें, सहसा तुटत नाहीं, पण वांकलें कीं वांकलेलेंच राहतें. दांता बारीक केला तर तो दगडाला लागून वळे; जाड केला तर कांटा इतका जड होई कीं दिवसभर उचलतांना निम्मी शक्ति लोखंड उचलण्यांतच जाई. शिवाय जाड दांता खतांत सहज शिरत नाहीं आणि शिरला तरी त्यावरून खत घसरून सुटत नाहीं. बारीक असूनहि न वांकणारा, किंवा वांकला तरी पुन्हां सरळ होणारा दांता हवा होता. हा गुण स्प्रिंगच्या पोलादांत आहे.

पोलादाला हा गुण कार्बनानें येतो. लोखंडांत शेंकडा अर्धा ते एक या प्रमाणांत कार्बन मिसळला कीं तें तापवून एकदम थंड करण्यानें कठीण होतें. पण असें नुसतें कठीण झालेलें पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें. त्याला पुन्हां मंद आंचेवर तापवून उतरवावें लागतें. तेव्हां कठीणपणा थोडा कमी होतो आणि त्याच्या मोबदल्यांत लवचिकपणा मिळतो. यालाच लोहार पाणी देणें आणि पाणी उतरविणें म्हणतात. तरवारीच्या पात्याला लागणारी ही विद्या खताच्या कांट्याला मिळण्यास मात्र फार उशीर झाला, कारण चांगलें पोलाद महाग होतें. इ. स. १७४० नंतरच्या दशकांत शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें घड्याळाच्या स्प्रिंगा नीट होत नाहींत म्हणून मुशींत पोलाद वितळविण्याची रीत काढली. त्या रीतीनें एकजिनसी पोलाद मिळूं लागलें, पण तें सुऱ्या, कानशी आणि घड्याळें यांच्याच वाट्यास आलें. उकिरड्यावर पोलाद आणणें हा त्या काळीं उधळेपणा वाटला असता.

तें धैर्य अमेरिकेंतील एका कुटुंबानें केलें. कनेक्टिकट प्रांतांतील नॉगाटक येथें अमासा गुडइयर हा गृहस्थ धातूच्या वस्तु करीत असे. गवताचे आणि खताचे कांटे स्प्रिंगच्या पोलादाचे करून विकण्याचा उद्योग त्यानें आरंभिला. त्याचा मुलगा चार्लस हा १८२१ च्या सुमारास बापाचा भागीदार झाला आणि १८२६ मध्यें त्यानें फिलाडेल्फिया शहरांत लोखंडी सामानाचें दुकान काढलें. हलका, लवचिक, दगडाला लागून पुन्हां सरळ होणारा कांटा शेतकऱ्यांना आवडला. पण उधारीनें आणि प्रकृतीच्या तक्रारींनीं दुकान बुडालें. १८३० च्या सुमारास चार्लस कर्जबाजारी झाला आणि कर्जापायीं त्याला तुरुंगहि पाहावा लागला. हाच तो चार्लस गुडइयर, ज्यानें पुढें १८३९ मध्यें गंधक आणि उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधिली. रबराच्या शोधकर्त्याचें नांव जगभर झालें. त्याच्या घरच्या खताच्या कांट्यांची आठवण मात्र थोड्यांनाच राहिली. चार्लस १८६० मध्यें वारला तेव्हांहि त्याच्या डोक्यावर मोठें कर्ज होतें. शेतकऱ्याच्या पाठीचें ओझें हलकें करणाऱ्या घराला स्वतःचें ओझें हलकें करितां आलें नाहीं.

इंग्लंडांत १८५० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅमच्या पार्क्स यांचे पोलादी कांटे प्रसिद्धीस आले. १८५६ मध्यें हेन्री बेसेमर यानें कच्च्या रसांतून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली, आणि पुढील कांहीं दशकांत पोलाद इतकें स्वस्त झालें कीं रेल्वेच्या रुळांपासून बागेच्या हत्यारांपर्यंत तें सर्वत्र पोंचलें. उत्तम कांटा करण्याची रीतहि तेव्हांपासून फारशी बदललेली नाहीं. पोलादाची एकच कांब लालभडक तापवितात. तिच्या एका टोंकाला चिरा पाडून त्यांतून दांते ओढून काढतात, आणि दुसऱ्या टोंकाची मान घडवितात. दांते, खांदा आणि मान यांत कोठेंहि जोड नसतो. नंतर पाणी देऊन उतरवितात, आणि शेवटीं ॲश नांवाच्या झाडाचा लवचिक दांडा मानेंत बसवून रिव्हेट मारितात. पुष्कळ कांट्यांत मानेपासून पुढें दोन पोलादी पट्ट्या दांड्याच्या दोन बाजूंनीं वर चढविलेल्या असतात, कारण दांडा तुटतो तो बहुधा मानेच्या तोंडाशींच.

आतां या कथेचें दुसरें पान. दख्खनच्या शेतकऱ्यानें हजारों वर्षें शेती केली, पण त्याच्या अवजारांत खताचा कांटा दिसत नाहीं. कुदळ आहे, टिकाव आहे, खोरें आहे, फावडें आहे; खत वाहण्यास पाटी आहे, घमेलें आहे, आणि तीं डोक्यावर घेणारी बाई आहे. कांटा नाहीं याचें कारण अज्ञान नव्हे. येथें कडबा जनावरांच्या पोटांत जातो, त्यांच्याखालीं अंथरला जात नाहीं. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलींत जातो. उरलेलें शेण, राख, झाडलोटीचा केर, चाऱ्याचें चिपाड हें सारें उकिरड्यावर पडतें. उन्हांत वाळतें, पावसांत धुतलें जातें. वर्षाअखेर त्याची जी बारीक, भुसभुशीत माती उरते ती उचलण्यास फावडें आणि घमेलें पुरेसें असतें. ज्या राशीला उलटावयाचेंच नाहीं, तिच्यासाठीं उलटण्याचें हत्यार कोण घडवील?

शेण चुलींत जाळण्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणें साहेबी अंमलांत फार सोपें होतें. १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीं मात्र देशभर फिरून निराळा निष्कर्ष काढला. १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत त्यांनीं दाखवून दिलें कीं रयत शेण जाळते ती खताची किंमत कळत नाहीं म्हणून नव्हे, तर सरपण मिळत नाहीं म्हणून. शेण वांचवावयाचें असेल तर जळणासाठीं झाडें लावा, असें त्यांनीं सरकारला सांगितलें. हा न्याय्य निकाल होता. पण झाडें वाढेपर्यंत शेताला खत कोठून द्यावयाचें, हा प्रश्न उरलाच.

त्याचें एक उत्तर इंदुरांत निघालें. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यांतील शेतकऱ्याचे चिरंजीव. १९०५ मध्यें ते बिहारमधील पुसा येथील शेतकी संस्थेंत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनीं तेथें गव्हाच्या नव्या जाती काढल्या. पण त्यांचें लक्ष हळूहळू बियांवरून मातीकडे वळलें. हिंदी शेतकरी आणि पिकावरील कीड या दोघांना ते आपले गुरु मानीत. १९२४ मध्यें होळकर दरबारानें दिलेल्या सुमारें ३०० एकर जमिनीवर इंदुरास वनस्पति-उद्योग संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. तेथें त्यांना यशवंत वाड हे सहकारी लाभले. १९३१ मध्यें या दोघांनीं मिळून शेतींतील टाकाऊ पदार्थांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळें इंदूर हें नांव जगांतील शेतकऱ्यांना ठाऊक झालें. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साहेबाच्या नांवासोबत एका मराठी नांवाला बरोबरीची जागा मिळाली, ही त्या काळांत लहान गोष्ट नव्हे.

इंदूर पद्धतीचें मर्म थोडक्यांत असें. शेण थोडें आहे, पण शेतांतील काडीकचरा पुष्कळ आहे: कपाशीच्या पऱ्हाट्या, उंसाचें पाचट, तण, पालापाचोळा. पऱ्हाट्या कठीण असतात, म्हणून त्या शेतांतील रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घ्यावयाच्या. गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती, शेण, राख आणि हा काडीकचरा यांचे थर देऊन खड्डा भरावयाचा. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघा २ फूट खोल. कारण त्याहून खालीं हवा पोंचत नाहीं. कचऱ्यांत कार्बन आणि नायट्रोजन यांचें प्रमाण आरंभीं सुमारें ३३ ला १ असावें. कुजून तयार झालेल्या खतांत तें १० ला १ च्या जवळ येतें. कुजविण्याचें काम बुरशी आणि सूक्ष्म जंतु करितात. त्यांना ओल लागते तशी हवाहि लागते. हवा मिळाली कीं रास इतकी तापते कीं आंत हात घालवत नाहीं. त्या उष्णतेनें तणाचें बीं आणि रोगजंतु मरतात. पण रास बसत जाते, हवा संपते, आणि काम मंदावतें. म्हणून ती उलटावी लागते: पहिल्यानें साधारण पंधरवड्यानें, मग महिन्याच्या सुमारास, आणि पुन्हां दोन महिन्यांनीं. तीन महिन्यांत काळें, मऊ, मातीचा वास येणारें खत तयार.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. युरोपांतील पेंढा या देशांत नव्हता, म्हणून येथें कांटा नव्हता. इंदुरानें पऱ्हाट्या आणि पाचट राशींत आणलें, आणि त्याबरोबर लांब काडीचें, गुंतलेलें, वरचेवर उलटावें लागणारें खत या देशांत आलें. अशा खतापुढें फावडें पुन्हां अडूं लागलें. कांटा जेथें जातो तेथें तो खताच्या पाठोपाठ जातो.

हॉवर्ड १९३१ मध्यें इंग्लंडास परतले. इंदूर पद्धत आसामच्या चहाच्या मळ्यांत, आफ्रिकेंतील कॉफीच्या मळ्यांत आणि इंग्लंडांतील बागांत पोंचली. १९३५ मध्यें गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठीं इंदुरास गेले, आणि त्याच वर्षीं 'हरिजन' पत्रांतून या पद्धतीची माहिती वाचकांना मिळाली. हॉवर्ड यांचा १९४० मधील ग्रंथ सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा आधारग्रंथ ठरला. १९४७ मध्यें, हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्याच वर्षीं, ते वारले.

आतां बाजाराकडे वळलें तर या इतिहासानें दिलेली कसोटी हातीं असते. खताचा कांटा आणि खणण्याचा कांटा हीं दोन हत्यारें आहेत, हें प्रथम ओळखावें. खणण्याच्या कांट्याचे दांते चार, चौकोनी आणि जवळजवळ सरळ असतात. ते जमिनींत रेटावयाचे असतात. खताच्या कांट्याचे दांते बारीक, गोल, टोंकदार आणि किंचित् वर वळलेले असतात, म्हणजे खत सहज शिरतें, बोजा बसतो आणि झटका देतांच सुटतो. त्याच्यानें दगड उकरूं गेल्यास दोष हत्याराचा नव्हे. कचरा बारीक असेल तर दांते अधिक हवेत, लांब काडीचा असेल तर चार-पांच पुरेत. मग मान पाहावी. दांते आणि मान एकाच कांबींतून घडविलेलीं असतील तर खांद्याशीं जोडाची रेघ दिसत नाहीं. पत्र्याची मान गुंडाळून तिला दांते डागलेले असतील तर रंगाखालीं तो डाग हाताला लागतो, आणि कांटा तुटेल तो तेथेंच. दांत्याचें टोंक लांकडावर टेंकून बेतानें दाबावें: उत्तम पोलाद लवतें आणि हात सोडतांच सरळ होतें, वांकून तसेंच राहिलें तर तें लोखंडच. दांड्याचे रेषे टोंकापासून टोंकापर्यंत सरळ गेलेले असावेत. रंग फांसलेल्या दांड्यांत गांठी लपतात, म्हणून उघड्या लांकडाचा दांडा बरा. विलायतेंत ॲश, तर येथें धामण आणि बाभूळ हीं लांकडें दांड्यास नांवाजलेलीं आहेत. धामणीचें लांकूड विशेष लवचिक.

विकत घेतल्यानंतरहि एक नियम आहे. काम संपल्यावर कांटा राशींत रोवून जाणें ही पुष्कळांची रीत. तीच त्याचा नाश करिते. रास ऊन आणि ओली असते, तिच्यांत अमोनिया आणि क्षार असतात. पोलाद गंजतें आणि मानेंतील लांकूड कुजतें. दांते धुवून, पुसून, तेलाचा हात फिरवून आणि दांड्याला वर्षांतून एकदां जवसाचें तेल पाजून ठेवलेला कांटा माणसाच्या उमेदीइतका टिकतो.

लोखंडी अवजारावर विश्वास बसण्यास या प्रांतांत वेळ लागला हें खरें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर घडविले तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी समजूत पुष्कळांची होती. ती गेली. १९१२ मध्यें टाटांच्या कारखान्यांत पोलाद तयार होऊं लागलें आणि पुढें देशी पोलादाच्या कुदळी-फावडीं खेडोपाडीं गेलीं. पण उकिरडा उलटण्याची मेहनत पोलादानें हलकी होते, संपत नाहीं. दहा बैलगाड्यांची रास तीन वेळां उलटणें म्हणजे तीस गाड्या हातानें उचलणें. लहान शेतकऱ्याला पेरणीच्या आणि खळ्याच्या दिवसांत हें जमत नाहीं, आणि इंदूर पद्धत पुष्कळ गांवांत कागदावर राहिली ती याच कारणानें.

म्हणून उलटण्याचेंच काम टाळण्याचे प्रयत्न झाले. १९३९ मध्यें बंगळुरास सी. एन. आचार्य यांनीं शहरांतील मैला आणि कचरा यांचे थर चरांत भरून, वरून लिंपून, हवेवांचून कुजविण्याची पद्धत काढली. तींत उलटावें लागत नाहीं. वेळ मात्र अधिक लागतो. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं आणखी एक युक्ति केली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' पद्धत म्हणून ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असें विटांचें टांकें बांधावयाचें, आणि त्याच्या भिंतींत भोंकें ठेवावयाचीं. त्यांत सुमारें १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, अवघें ९० ते १०० किलो शेण आणि चाळलेली माती थरांनीं भरून वरून लिंपून टाकावयाचें. हवा भोंकांतून स्वतःच आंत जाते. तीन-चार महिन्यांत खत होतें. हॉवर्ड-वाड यांनीं माणसाच्या हातांनीं हवा आंत नेली. पांढरीपांडे यांनीं ती भिंतींतून नेली. कांट्याचें काम भरण्यापुरतें आणि काढण्यापुरतें उरलें.

तथापि या कथेंतील सर्वांत अवघड गांठ कारागिराची नव्हती, रसायनशास्त्रज्ञाचीहि नव्हती. खत म्हणजे घाण, आणि घाण उचलणें म्हणजे ठराविक जातींचें काम, ही समजूत पोलादाहून कठीण होती. शेणापर्यंत शेतकऱ्याचा हात पोंचे. मैल्याचें सोनखत पिकाला चालें, पण तें वाहणाऱ्या माणसाची सावली चालत नसे. ही गांठ सोडविण्यासाठीं कोंकणांतील एका माणसानें स्वतःचें आयुष्य घातलें. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे जन्मानें ब्राह्मण आणि विद्वान् गृहस्थ. १९३२ मध्यें ते सत्याग्रही म्हणून रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. तेथें त्यांनीं भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. सवर्ण कैद्याला तें काम देतां येत नाहीं म्हणून ती नाकारण्यांत आली, तेव्हां त्यांनीं अन्नत्याग आरंभिला. येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींनीं त्यांच्या सहानुभूतीसाठीं डिसेंबरच्या आरंभीं स्वतः उपवास धरिला, आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो सोडला. हलकें समजलेलें काम करूं द्या, एवढ्यासाठीं दोन माणसांनीं उपाशी राहावें, असें उदाहरण इतिहासांत विरळा.

तुरुंगांतील ती मागणी अप्पासाहेबांनीं बाहेर कृतींत आणली. १९४८ मध्यें त्यांनीं कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापिला. तेथें मैला व कचरा यांचें खत करणें, मेलेल्या जनावराचें कातडें आणि हाडें उपयोगांत आणणें, माणसाला माणसाची घाण हातानें उचलावी लागूं नये असे संडास रचणें, हीं कामें त्यांनीं सवर्ण तरुणांच्या हातांनीं करवून घेतलीं. हातानें मैला उचलविण्यास १९९३ च्या आणि पुढें २०१३ च्या कायद्यानें बंदी झाली. त्या कायद्यांच्या कितीतरी आधीं एका आश्रमाच्या आवारांत तो विचार अंमलांत आला होता. खत करणारा हात हलका नाहीं, आणि ज्या कामांत हत्यार पुरतें तेथें माणसाचा उघडा हात घालविणें हा अन्याय आहे, या दोन गोष्टी गोपुरीनें एकत्र शिकविल्या.

केटोच्या यादींतील चार दांत्यांचें दांताळें, सोव्हच्या झाडाची तीन बोटें, नॉगाटकचें स्प्रिंगचें पोलाद, इंदुराचा दोन फूट खोल खड्डा आणि गोपुरीचा आश्रम यांना जोडणारा धागा एकच आहे. जमिनीनें दिलेलें जमिनीला परत देण्यासाठीं माणसाला वांकावें लागतें, बोजा उचलावा लागतो. आणि समाजाचा शहाणपणा तो बोजा किती हलका करितो आणि तो उचलणाऱ्याला किती मान देतो यावरून कळतो. ज्या घरीं परसबागेंत एक खड्डा आहे, घरांतील ओला कचरा त्यांत जातो, आणि पडवींत पुसून तेल लावलेला एक बळकट कांटा भिंतीला टेंकून उभा आहे, त्या घरांतील माणसांना हा इतिहास निराळा शिकवावा लागत नाहीं. तेथें सुनेनेंहि तो कांटा उचलावा, सासऱ्यानेंहि उचलावा, आणि मुलांनीं तो हातीं घेण्यासाठीं आपली पाळी मागावी.